काम तुमचं, नाव कुणाचं?

देवळाचा जीर्णोद्धार झाला की फरशीवर देणगीदारांची नावं लागतात. भंडाऱ्याच्या आदल्या रात्री जागून कांदा चिरणाऱ्या पोरांची नोंद मात्र कुठेच नसते. ओपन सोर्सच्या जगात अशीही नोंद ठेवायची रीत आहे.

लिनक्सवर फायलींची यादी दाखवणारी ‘एलएस’ ही साधी कमांड घ्या. तिला आवृत्ती विचारली की शेवटी रिचर्ड स्टॉलमन आणि डेव्हिड मॅकेन्झी ही लेखकांची नावं येतात. ती ज्या ‘जीएनयू कोअरयुटिल्स’ संचातली आहे, त्यात ‘थँक्स’ नावाची फाईलच आहे. तिच्यात कोड लिहिणाऱ्यांसोबत चुका कळवणाऱ्यांचीही नावं आहेत. लिनक्स कर्नलमध्ये तर दोष कुणी कळवला, बदल कुणी तपासला, हे त्या बदलाखालीच लिहितात.

शिरूर-दौंडच्या पोरापोरींना याचं काय? सकाळच्या गाडीने पुण्याला मुलाखतीला जाताना मोठ्या कॉलेजचं नाव पाठीशी नसेल, तर केलेलं कामच बोलतं. त्या कामाखाली आपलं नाव असणं हाच पुरावा.

आणि तो हुकतो अगदी साध्या कारणाने. ‘गिट’ दरवेळी तुम्हाला नाव विचारत बसत नाही. कॉम्प्युटरवर आधी जे भरलंय तेच लावतं. लॅबच्या मशिनवर मागच्या बॅचमधल्या कुणाचं नाव राहिलं असेल, तर तुमची मेहनत थेट त्याच्या खात्यात! म्हणून कामाला बसण्याआधी नाव आणि ईमेल तपासा. ‘ग्लोबल’ न लिहिता सेटिंग केलं, तर ते त्या प्रोजेक्टपुरतंच राहतं. ईमेल मात्र गिटहबच्या खात्याला जोडलेलाच द्या, नाहीतर काम तुमच्या प्रोफाईलवर दिसणार नाही.

चुकलंच, तर शेवटच्या कमिटचा लेखक पुश करण्याआधी बदलता येतो. स्वतःचंच नाव दोन तऱ्हांनी नोंदलं गेलं असेल, तर ‘मेलमॅप’ फाईल ती नावं एकत्र आणते. दोघांनी मिळून काम केलं असेल, तर कमिटच्या शेवटी ‘को-ऑथर्ड-बाय’ लिहून जोडीदाराचंही नाव टाका. गिटहब 2018 पासून ते दोघांच्याही नावावर दाखवतं.

उद्या तुम्ही स्वतःचा प्रोजेक्ट सुरू केलात, तर पहिल्याच दिवशी एक ‘थँक्स’ फाईल बनवा. कुणी फक्त स्पेलिंगची चूक दाखवली, तरी त्याचं नाव तिच्यात लिहा. पुढची चूक दाखवायला तो आपणहून येईल.