कात्री कशाला भिते? : १९३२ च्या बोलपटांविषयी

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, ‘सर, पूर्वीचे सिनेमे किती सोवळे असत! हे उघडंवाघडं सगळं हल्लीचंच ना?’ प्रश्न साधा वाटला, पण त्याचं उत्तर एका वाक्यात देता येईना. म्हणून आज प्रभादेवीच्या ह्या सभागृहात आपण एका वर्षाविषयी बोलणार आहोत. ते वर्ष म्हणजे १९३२.

आधी जरा अमेरिकेत जाऊन येऊ. तिथे बोलपटांसाठी नीतिनियमांची संहिता १९३० सालीच लिहून झाली होती. पण ती सक्तीने पाळली जाऊ लागली १९३४ च्या जुलैपासून. मधली चार वर्षं नियम कागदावर आणि सिनेमा मोकळा, अशी स्थिती होती. ‘स्कारफेस’मधला गुंड, ‘ट्रबल इन पॅरडाइज’मधले हसतखेळत चोऱ्या करणारे प्रेमिक, तुरुंगातल्या बेड्यांची कथा सांगणारा ‘आय ॲम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग’ हे सगळे चित्रपट १९३२ चे. पुढे सक्ती आली आणि असे विषय आक्रसले. अभ्यासक त्या वर्षाकडे परत परत वळतात ते ह्यामुळे.

आता घरी येऊ. त्याच १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आणला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गाबाई खोटे. इथे क्षणभर थांबू या. हीच हरिश्चंद्राची कथा दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पडद्यावर आणली, तेव्हा त्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही. ती भूमिका अण्णा साळुंके ह्या पुरुषाने केली. एकोणीस वर्षांनी सेंट झेवियर्समध्ये शिकलेली, प्रतिष्ठित घरातली बाई तीच तारामती होऊन पडद्यावर बोलते आणि गाते. बरं, एवढ्यावरच ते संपलं नाही. त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्याच दुर्गाबाई स्त्रीराज्याची राणी झाल्या. कथा पुराणातली, पण पडद्यावर दिसते ती हुकूम सोडणारी बाई.

आणि चुंबन? तेही होतं, बरं का. १९२९ च्या ‘प्रपंच पाश’ ह्या मूकपटात आहे. १९३३ च्या ‘कर्मा’त देविकाराणी आणि हिमांशु रॉय ह्या पतिपत्नींचं आहे. म्हणजे सोवळेपणा आपल्या मातीतच होता, हे म्हणणं टिकत नाही.

मग आपल्याकडे सेन्सॉर नव्हता का? चांगला होता. कायदा १९१८ चा, मुंबईचं मंडळ १९२० चं, आणि त्याचे अध्यक्ष पोलीस कमिशनर. कला तपासायला पोलीस का बसवले? कारण सरकारला भीती होती ती बंडाची. शृंगाराची नव्हे. १९२१ चा ‘भक्त विदुर’ घ्या. विदुर महाभारतातला, पण तो गांधीजींसारखा दिसतो म्हणून मद्रासमध्ये आणि कराचीत बंदी. प्रभातच्याच शिवाजी महाराजांवरच्या मूकपटाचं नाव होतं ‘स्वराज्याचं तोरण’. ‘स्वराज्य’ हा शब्द खटकला, म्हणून तो ‘उदयकाल’ झाला. १९३५ साली संत एकनाथांवरचा ‘महात्मा’ बदलून ‘धर्मात्मा’ करावा लागला. ‘महात्मा’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कोण येणार, हे मंडळाला पक्कं ठाऊक होतं.

ह्या परिसराच्या जवळची गोष्ट तर १९३४ ची. प्रेमचंद तेव्हा मुंबईत दादरला राहत होते. त्यांनी मोहन भवनानींसाठी गिरणी कामगारांची कथा लिहिली. चित्रपट ‘मिल’, ऊर्फ ‘मजदूर’. त्याच वर्षी इथल्या गिरण्यांत मोठा संप झालेला. मुंबईत चित्रपटावर बंदी आली. जे गिरणगाव ह्या कथेचा विषय, त्यालाच ती बघता आली नाही. ज्यांनी भोंगा ऐकून घड्याळ लावलं, अशी माणसं आजही इथे समोर बसलेली आहेत. त्यांना ह्यातला सल वेगळा सांगायला नको.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत आम्ही हे असं मांडू. बंधनामुळे बंधन घालणाऱ्याची भीती कळते. समाजाचं शील त्यावरून कळत नाही. परकीय सत्ता ‘स्वराज्य’ ह्या शब्दाला भ्याली आणि चुंबन तिने जाऊ दिलं. स्वातंत्र्यानंतर १९५२ चा कायदा आला, कात्री आपल्या हातात आली, आणि ओठ भेटायच्या वेळी पडद्यावर फुलं डोलू लागली. १९६९ साली न्यायमूर्ती खोसला समितीने सांगितलं की, कथेची गरज असेल तर चुंबनाला मज्जाव नको. तरी ती फुलं पुढे किती वर्षं डोलत राहिली, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जे कापलं गेलं ते दिसत नाही. दोन पिढ्या ते दिसलं नाही की, ‘आपल्याकडे हे नव्हतंच’ असं आपण म्हणू लागतो. कापल्याची खूण पुसली जाते आणि उरलेल्या तुकड्याला आपण परंपरा म्हणतो. खरा धोका इथे आहे. बंदी उठवता येते, पण विसरलेल्या गोष्टीची मागणी कोण करणार?

तेव्हा ‘पूर्वी असं नव्हतं’ असं कुणी म्हणालं, तर आपण शांतपणे विचारायचं : पूर्वी म्हणजे कोणत्या साली? आणि तेव्हा कात्री कुणाच्या हातात होती?

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर घेऊ या.