अरेबिका कॉफी विकताय? आधी कपात काय आहे ते समजून घ्या

मागच्या व्हिडिओत आपण अराकूची कॉफी पॅक करून विकायचा हिशोब बघितला. त्यानंतर सगळ्यात जास्त प्रश्न आला तो हा: "सर, गिऱ्हाईक विचारतं, ही कॉफी तब्येतीला चांगली का? काय सांगायचं?"

उत्तर देण्याआधी माझीच एक चूक सांगतो. दुकानात अरेबिका ठेवायला लागलो तेव्हा व्हॉट्सॲपवर आलेला एक मजकूर मी जसाच्या तसा पाटीवर उतरवला: "शुगर कंट्रोल, वजन कमी, १०० टक्के नैसर्गिक." विक्री वाढली, मी खूश. महिन्याभराने नेहमीच्या एक काकू आल्या आणि म्हणाल्या, "तुझी कॉफी सुरू केल्यापासून मी शुगरची गोळी एकच वेळ घेते रे. तूच लिहिलंयस ना!"

माझ्या पोटात गोळा आला. "काकू, आधी डॉक्टरांना फोन करा, गोळी अजिबात सोडू नका," असं सांगून मी त्याच संध्याकाळी पाटी काढली. त्यांनी तपासणी केली तर साखर वाढलेली निघाली. वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं. तेव्हापासून ठरवलं, की आपण जे विकतो त्याची नीट माहिती काढायची आणि मगच तोंड उघडायचं.

ही कॉफी कुठली?

अराकू खोरं आंध्र प्रदेशात, पूर्व घाटात आहे. साधारण ९०० ते ११०० मीटर उंचीवर तिथले आदिवासी शेतकरी झाडांच्या सावलीत अरेबिका पिकवतात. २०१९ साली तिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. चिकमगळूर, कूर्ग आणि बाबाबुडनगिरीच्या अरेबिकालाही त्याच वर्षी मिळालं. आता "स्पेशालिटी" म्हणजे काय? जाणकार कॉफी चाखून १०० पैकी गुण देतात. ८० किंवा जास्त आले तर ती स्पेशालिटी. लक्षात ठेवा, हे गुण चवीचे आहेत, औषधी गुणांचे नाहीत.

कपात नेमकं काय असतं?

१. कॅफीन. अरेबिकात वजनाच्या साधारण १.२ टक्के, रोबस्टात जवळपास दुप्पट. हिशोब करा: एका कपाला १० ग्रॅम पूड घेतली तर अरेबिकात जास्तीत जास्त १२० मिलिग्रॅम कॅफीन. सगळं पाण्यात उतरत नाही, म्हणजे १०० च्या आसपास धरा. चिकोरीत कॅफीन नसतंच.

२. क्लोरोजेनिक आम्लं. कॉफीचे "अँटीऑक्सिडंट" म्हणतात ते मुख्यतः हेच. बिया जितक्या जास्त भाजाल तितकी ही कमी होतात.

३. ट्रायगोनेलिन. भाजताना याचा काही भाग नियासिनमध्ये, म्हणजे एका बी जीवनसत्त्वात बदलतो. सुवासातही याचा वाटा असतो.

४. कॅफेस्टॉल आणि काहवेऑल. हे कॉफीच्या तेलात असतात आणि वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात. कागदी फिल्टर हे तेल बऱ्यापैकी अडवतो. पूड पाण्यात उकळली किंवा फ्रेंच प्रेस वापरला तर ते कपात येतं. कोलेस्टेरॉलचा त्रास असलेल्या गिऱ्हाइकाला कागदी फिल्टर सुचवा. त्याची काळजी घेतली जाते आणि तुमचे फिल्टरही विकले जातात.

५. ॲक्रिलामाइड. बिया भाजताना तयार होतं, जसं ते तळलेल्या बटाट्यातही होतं. भाजण्याच्या सुरुवातीला वाढतं, पुढे कमी होतं. कॉफीमुळे कॅन्सर होतो का, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये तपासलं, तेव्हा तसं म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. मात्र ६५ अंश सेल्सिअसच्या वरचं कुठलंही अतिगरम पेय त्यांनी "बहुधा धोक्याचं" या गटात टाकलं. म्हणून कप दिल्यावर "दोन मिनिटं थांबून प्या" म्हणायची सवय लावा.

फायदा आहे की नाही?

दिवसाला तीन-चार कप पिणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेह आणि यकृताचे आजार कमी दिसतात, असं अनेक मोठ्या पाहण्यांमध्ये आढळलंय. पण "कमी दिसतात" आणि "कॉफीमुळे बरे होतात" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. काकूंच्या बाबतीत मी नेमकी हीच गल्लत केली होती. शिवाय कपात दोन चमचे साखर पडली, तर कसला शुगर कंट्रोल?

कोणाला जपून द्यायची?

- निरोगी प्रौढ माणसासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सुरक्षित मानतात. आपल्या हिशोबाने साधारण चार कप. चहातलं कॅफीनही यातच धरायचं.
- गरोदर बाईसाठी ही मर्यादा २०० मिलिग्रॅम. म्हणजे फार तर दोन लहान कप, तेही डॉक्टरांना विचारून.
- थायरॉईडची गोळी कॉफीसोबत घेतली तर ती अंगात नीट शोषली जात नाही. गोळीनंतर निदान अर्धा-एक तास जाऊ द्यावा.
- रक्त कमी असलेल्यांनी जेवणासोबत कॉफी टाळावी, अन्नातलं लोह कमी शोषलं जातं.
- कॅफीनचा निम्मा भाग अंगातून जायला साधारण पाच तास लागतात. ज्याला झोप येत नाही त्याने संध्याकाळी घेऊ नये.

तुमच्या दुकानातली सुरक्षितता

कच्च्या बियांना ओल लागली तर बुरशी येते, आणि काही बुरशी ऑक्राटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते भाजूनही पूर्ण जात नाही. त्यामुळे कच्च्या बियांचा ओलावा १२.५ टक्क्यांच्या वर नको. पावसाळ्यात पोती जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली फळी घाला. कुबट वास आला तर माल परत करा, "भाजल्यावर वास जाईल" असा विचार करू नका.

चिकोरी मिसळत असाल तर मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि चिकोरीचं प्रमाण पाकिटावर छापायला हवं. मिश्रण करून वर "शुद्ध अरेबिका" लिहिणं ही सरळ फसवणूक आहे.

आणि पाटीचं काय? अमुक आजार बरा होतो असा दावा खाद्यपदार्थावर करायला एफएसएसएआयच्या २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांनुसार मनाई आहे. मधुमेह किंवा लठ्ठपणावर उपाय म्हणून जाहिरात केलीत तर १९५४ चा औषधे व जादुई उपचार कायदाही लागू शकतो. "सगळेच लिहितात" हे उत्तर तिथे चालत नाही.

मग काय लिहायचं? माझ्या पाटीवर आज एवढंच आहे: "अराकू अरेबिका. मध्यम भाजणी. भाजल्याची तारीख अमुक. १० ग्रॅमच्या कपात अंदाजे १०० मिलिग्रॅम कॅफीन." गंमत म्हणजे ही पाटी वाचून लोक थांबतात आणि प्रश्न विचारतात. जो प्रश्न विचारतो, तो परत येतो.

त्या काकू अजूनही येतात. कॉफी घेतात, बिनसाखरेची. आणि गोळी दोन्ही वेळा घेतात, हे मी दर वेळी विचारून घेतो.

आजचा गृहपाठ: तुमच्या दुकानातल्या पाटीवरची, पाकिटावरची आणि व्हॉट्सॲप स्टेटसवरची प्रत्येक ओळ वाचा. जी ओळ तुम्ही स्वतःच्या आईला ठामपणे सांगू शकत नाही, ती आजच पुसा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!