आंबट पहारा

शाळेत शिकलेला सामू आठवतो? सात म्हणजे उदासीन, सातच्या खाली आम्ल, वर अल्क. आपल्या रक्ताचा सामू ७.४ असतो आणि तो जरासुद्धा ढळू नये म्हणून फुप्फुसं आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस राबत असतात. आता त्याच शरीरातली, त्याच रक्तावर पोसलेली दुसरी एक जागा घ्या. वयात आलेल्या निरोगी स्त्रीच्या योनिमार्गाचा सामू बहुधा ३.८ ते ४.५ भरतो. म्हणजे नीट लागलेल्या दह्याइतका आंबट! सामूचा एक आकडा खाली उतरला की आम्लता दहापट वाढते. त्या हिशेबाने इथली आम्लता रक्ताच्या दोन हजारपटींच्या घरात जाते. एका पातळ अस्तराच्या अलीकडे आणि पलीकडे इतका फरक!

हे आम्ल येतं कुठून? दह्याचं नाव मी उगाच घेतलं नाही. १८९२ मध्ये आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने योनीतला स्राव सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा त्याला काडीसारखे जिवाणू दाटीने पसरलेले दिसले. ते लॅक्टिक आम्ल तयार करत होते. दूध आंबवणाऱ्या जिवाणूंचेच हे भाऊबंद, लॅक्टोबॅसिलस कुळातले. तिथे दूध असतं, इथे काय? इथे स्वतः स्त्रीचं शरीरच त्यांचं ताट वाढतं. इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या हुकमावरून योनीच्या अस्तरातल्या पेशी ग्लायकोजेन नावाची साखरेची साठवण करतात. वरच्या पेशी सतत सुटत राहतात, त्यांच्यातली साखर मोकळी होते, जिवाणू ती खातात आणि बदल्यात आम्ल सोडतात. त्या आम्लात बाहेरून आलेल्या बहुतेक रोगजंतूंचा टिकाव लागत नाही. जेवणाच्या बदल्यात राखण, असा हा सौदा आहे.

आणि हा सौदा माणसाच्या मादीचाच! इतर सस्तन प्राण्यांत, अगदी आपल्या जवळच्या माकडांतसुद्धा, लॅक्टोबॅसिलसचं असं एकछत्री राज्य आढळत नाही. तिथला सामूही इतका उतरत नाही. माणसातच हे का घडलं, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालताहेत.

आणखी एक नवल ऐका. नवजात मुलीच्या अंगात आईचं इस्ट्रोजेन उतरलेलं असतं, म्हणून जन्मानंतरचे काही आठवडे तिच्याकडेही हा आंबट पहारा असतो. मग इस्ट्रोजेन ओसरतं, साखर संपते, जिवाणू जातात. पुढची दहा-बारा वर्षं ती जागा जवळजवळ उदासीन राहते. वयात येताना पहारा पुन्हा बसतो आणि पाळी गेली की पुन्हा उठतो. लहान मुलीला, तिच्या आईला आणि तिच्या आजीला एकाच जागी खाज सुटली, तरी तिन्ही खाजा वेगळ्या असू शकतात त्या यामुळे.

पण आपण काय करतो? डोकं दुखलं तर घरभर सांगतो. जांघेत किंवा योनीपाशी आग व्हायला लागली, की आधी आठवडाभर गप्प बसतो, मग जोरजोरात धुतो, मग मेडिकलमध्ये जाऊन हळू आवाजात ‘खाजेची ट्यूब’ मागतो. या तीन पायऱ्यांतली प्रत्येक पायरी दुखणं वाढवू शकते. मला तर सगळ्यात कळकळीने बोलावंसं वाटतं ते धुण्याबद्दल.

योनीचा आतला मार्ग स्वतःला स्वतःच साफ करतो. सुटलेल्या पेशी, ओलावा आणि आम्ल यांचा तो थोडासा पांढरट किंवा पारदर्शक स्राव ही त्या सफाईची खूण आहे. त्याला घाण समजून आत पाणी मारणं, साबण किंवा जंतुनाशक द्रव घालणं म्हणजे पहारेकऱ्यांनाच हाकलणं. नेहमीच्या साबणाच्या वडीचा सामू नऊ-दहा असतो. चार आणि दहा यांच्यामध्ये दहा लाख पटींचं अंतर आहे! बाहेरच्या भागाचीही तीच गत. तिथे एकाच तळहाताएवढ्या जागेत तीन तऱ्हेची त्वचा शेजारी शेजारी नांदते: बाहेरच्या ओठांवर केस आणि तेलग्रंथी असलेली, आतल्या ओठांवर बिनकेसांची नाजूक, आणि त्याच्याही आत तोंडाच्या आतल्या बाजूसारखं ओलं अस्तर. सुगंधी साबण, सुगंधी पॅड, ओले पुसण्याचे कागद, केस काढायचं क्रीम, नीट न खळबळलेल्या कपड्यातली धुण्याची पावडर, यातलं काहीही तिथे चुरचुर लावू शकतं. अशा वेळी कुठलाच जंतू नसतो. सगळं बंद करून दोन-तीन आठवडे बाहेरून नुसत्या पाण्याने धुतलं आणि अलगद टिपलं, तर पुष्कळदा दुखणं आपोआप शमतं.

जंतू असतीलच, तर कुठले? इथे खरी गंमत सुरू होते. ती पाहायला काचेची एक पट्टी, स्रावाचा एक थेंब आणि सूक्ष्मदर्शक एवढंच लागतं.

पट्टीवर फांद्या फुटलेले धागे दिसले, तर ती कँडिडा नावाची बुरशी. ही अनेक निरोगी स्त्रियांच्या अंगात गोल गोल पेशींच्या रूपात गुपचूप राहते, काही त्रास देत नाही. मग प्रतिजैविकांचा कोर्स होतो, त्यात पहारेकरी जिवाणू मरतात, किंवा गरोदरपण येतं, किंवा रक्तातली साखर वाढते, आणि हीच गोल पेशी लांब धागा होऊन अस्तरात घुसायला लागते. हा धागा एक विष सोडतो, कँडिडालायसिन. ते माणसाच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं. शास्त्रज्ञांना त्याचा पत्ता लागला तो थेट २०१६ मध्ये! विषाची चाहूल लागताच शरीराच्या पांढऱ्या पेशी धावून येतात. ती भयंकर खाज, लाली आणि आग यांत बुरशीइतकाच वाटा या धावपळीचाही असतो. सोबत दह्याच्या चोथ्यासारखा घट्ट पांढरा स्राव, पण वास फारसा नाही. चारांपैकी तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हे होतं, असं मानलं जातं. क्लोट्रिमॅझोलसारख्या औषधाने ते सहसा आठवडाभरात आटोक्यात येतं.

पट्टीवर धागे नाहीत, पण मोठ्या चपट्या पेशींच्या कडा बारीक ठिपक्यांनी इतक्या माखल्यात की कड कुठली तेच कळत नाही, असं दिसलं तर गोष्ट वेगळी. लॅक्टोबॅसिलस घटलेत आणि त्यांच्या जागी दुसऱ्या डझनभर जातींचे जिवाणू माजलेत. सामू साडेचारच्या वर चढलाय. खाज कमी, पण पातळ राखाडी स्राव आणि मासळीसारखा वास. हा वास शरीरसंबंधानंतर किंवा पाळीत जास्त का येतो? कारण वीर्य आणि रक्त दोन्ही अल्कधर्मी. या जिवाणूंनी तयार केलेली अमाइन नावाची रसायनं आम्लात मुकाट बसतात, अल्क मिळताच हवेत उडतात. डॉक्टर हाच धागा पकडून थेंबावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकतात आणि वास घेतात. रसायनशास्त्राचा धडा आणि रोगाचं निदान एकाच हुंगण्यात! इथे बुरशीचं औषध शून्य कामाचं.

आणि पट्टीवर एखादी पेशी झटके देत पळताना दिसली तर? ती ट्रायकोमोनास. १८३६ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड डोने या डॉक्टरने ती पहिल्यांदा पाहिली. रोगजंतूंमुळे आजार होतो हे जगाने मान्य करायच्या कितीतरी आधी! हा एकपेशी जीव शरीरसंबंधातून पसरतो. पुरुषाला पुष्कळदा काहीच जाणवत नाही. म्हणून औषध नवरा-बायको दोघांनी एकाच वेळी घ्यायचं असतं, नाहीतर ते दुखणं फिरून घरी येतं.

‘अंगावर पांढरं जातंय’ एवढ्या एका वाक्यामागे ही तीन वेगळी जगं असतात, आणि तिघांना एकच औषध चालत नाही. न तपासता घेतलेली ट्यूब नेमकी लागू पडेल याचा भरवसा काय?

आता जांघेकडे वळू, कारण इथे पुरुषही आले. पावसाळ्यात मुंबईच्या लोकलमध्ये भिजून, ओल्याच कपड्यांत दिवस काढणाऱ्यांना गजकर्ण नवीन नाही. गजकर्णाची बुरशी केराटिन खाते, म्हणजे आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा मेलेला थर. एका जागचं अन्न संपवत ती बाहेर सरकते, मागचा भाग निवळतो, म्हणून कड लालभडक आणि मध्य स्वच्छ असं कडं उमटतं. अंडकोषाच्या त्वचेला ती बहुधा हात लावत नाही; तिथेही लाली असेल तर संशय कँडिडावर जातो.

पण त्या अंडकोषाच्या त्वचेचं स्वतःचंच एक आश्चर्य आहे. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख या दोन अमेरिकी संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड शरीराच्या निरनिराळ्या भागांवर लावून किती आत शिरतं ते मोजलं. हाताच्या आतल्या बाजूच्या तुलनेत अंडकोषातून ते ४२ पट शिरलं! आता विचार करा. मेडिकलमधल्या त्या ‘तीन-चार औषधं एकत्र’ ट्यूबमध्ये पुष्कळदा क्लोबेटासोलसारखं जबर स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश. प्रत्यक्षात स्टेरॉइडने शरीराचा प्रतिकार निजवलेला असतो आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. कडं पुसट होतं, डॉक्टरलाही ओळखू येईनासं होतं, त्वचा पातळ होऊन तिच्यावर चिरा उमटतात. भारतात गेल्या काही वर्षांत हट्टी गजकर्णाची जी लाट आली, तिच्यामागे या ट्यूबांचा मोठा हात आहे, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या एका जातीला तर २०२० मध्ये नावच मिळालं: ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच आपला देश!

मधुमेहाची गोष्टही इथेच सांगायला हवी. वर्षात चार वेळा बुरशी होत असेल, किंवा पुरुषाच्या शिश्नाच्या टोकावरची कातडी वारंवार लाल होऊन चिरत असेल, तर रक्तातली साखर तपासायलाच हवी. कधी कधी मधुमेहाची पहिली खबर इथूनच येते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधं जादा साखर लघवीवाटे बाहेर काढतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्यांचा मोठा आधार, पण लघवीतल्या साखरेवर कँडिडाची दिवाळी होते. औषध मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

लहान मुलगी रात्रीच खाजवत उठत असेल तर बहुधा जंत. त्यांची मादी रात्र झाली, मूल निजलं, की गुदद्वारातून बाहेर येऊन भोवतालच्या त्वचेवर अंडी घालते, आणि शेजारच्या जागेलाही खाज सुटते. सकाळी उठल्या उठल्या, धुण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टी तिथे लावून काढली तर अंडी तिला चिकटून येतात. औषध मात्र सगळ्या घराने घ्यायचं.

आणि खाजवल्याने खाज वाढते कशी? खाजवल्यावर होणारी बारीकशी वेदना खाजेचा संदेश दाबते, म्हणून क्षणभर सुख. पण त्या वेदनेला उत्तर म्हणून मेंदू सेरोटोनिन सोडतो, आणि तेच मज्जारज्जूतल्या खाजेच्या पेशींना आणखी चेतवतं, हे २०१४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. महिनोन् महिने हे चाललं की त्वचा जाड, काळपट होते आणि मूळ कारण गेल्यावरही खाजतच राहते. म्हणून नखं कापा, थंड पाण्याचं फडकं ठेवा, साधी पेट्रोलियम जेली लावा, सैल सुती कपडे घाला, अंतर्वस्त्रं लाजून दारामागे न वाळवता उन्हात वाळवा. दही, लसूण, तुरटी, लिंबू यांतलं काहीही आत घालू नका. दह्यातले जिवाणू त्याच कुळातले असले तरी त्या जागेत वस्ती करणारे नव्हेत.

फोड किंवा जखम, ताप, ओटीपोटात दुखणं, गरोदरपण, पाळी गेल्यानंतरचं रक्त, यांपैकी काही असेल तर घरी दिवस काढू नका. उतारवयात तिथली कातडी पांढरी, कागदासारखी चुरगळलेली दिसू लागली तर नक्कीच दाखवा. त्या आजाराला लायकेन स्क्लेरोसस म्हणतात, आणि त्याचं औषध कुठलं? तेच क्लोबेटासोल! गजकर्णात घात करणारं स्टेरॉइड इथे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, त्वचा वाचवतं आणि पुढच्या कर्करोगाची शक्यता घटवतं.

पाळी गेल्यावर कोरडेपणा, जळजळ, लघवीला आग हे ‘वयाचंच’ म्हणून निमूट सोसणाऱ्या बायका मला घराघरात दिसतात, आणि वाईट वाटतं. कारण यावर उपाय आहे. तपासून, डॉक्टरांच्या सल्ल्याने इस्ट्रोजेनचं अगदी थोडं क्रीम योनीत लावलं, की काही आठवड्यांत अस्तर पुन्हा जाड होऊ लागतं, पेशींत पुन्हा साखर साठते, सामू पुन्हा खाली उतरतो. आणि मग सत्तरीच्या बाईच्या अंगातही ते काडीसारखे जिवाणू परत येऊन आम्ल करायला लागतात!