निष्क्रिय झालेले खाते

बँकेच्या सेवेत 36 वर्षे काढल्यावर जी परिभाषा मनात कायमची घर करून राहते, तीत ‘निष्क्रिय खाते’ हा एक शब्द आहे. बचत खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाने स्वतः एकही व्यवहार केला नाही, तर ते खाते निष्क्रिय समजले जाते. मधल्या काळात बँक व्याज जमा करते. परंतु ती बँकेची नोंद असते, ग्राहकाचा व्यवहार नव्हे. दहा वर्षे कोणी विचारणा केली नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. तरीही ठेवीदाराला किंवा त्याच्या वारसाला ती पुढे मागता येते. पैसा बुडत नाही. आनंदाच्या खात्याला मात्र ही सवलत नाही, हे मला निवृत्तीनंतर एका हार्मोनियमने शिकवले.

आमचे घर कृष्णाकाठच्या एका बाजारपेठेच्या गावातले. वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, किराणा-भुसाराचे दुकान होते. सूर्यास्तापूर्वीचे जेवण चुकू नये म्हणून त्यांचा डबा दुकानात जाई आणि गल्ल्यावर बसूनच ते चार घास खात. उधारीची वसुली, बहिणींची लग्ने, दोन धाकट्या भावांची शिक्षणे असा त्यांच्यावरचा भार आजच्या कोणत्याही व्यापाऱ्यापेक्षा कमी नव्हता. पण सोमवारी पेठ बंद असे. 1948 च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवावेच लागे.

तो दिवसही सगळा मोकळा नसे. सकाळी खतावणी, मग आजाऱ्याची विचारपूस, एखाद्या घरी सांत्वन. दुपारी तीन वाजता मात्र अण्णा पेटी बाहेर काढत आणि दिवस मावळण्यापूर्वी घरातली सगळी माणसे एका पंगतीला बसेपर्यंत ती वाजत राही. कधी नाट्यपद, कधी भजन. मला शेजारी बसवून त्यांनी पट्ट्यांवर बोटे ठेवायला शिकवली. त्या वेळी कोणी व्यापारी कामानिमित्त आला, तर आई पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणे, “बसा. ते आज दुकानात नाहीत.” अण्णा समोरच दिसत असत. येणारा हसून बसे आणि ऐकत राही. यामुळे आमचे एकही गिऱ्हाईक तुटल्याचे मला आठवत नाही.

पुढे एम.कॉम. होऊन मी बँकेत लागलो. दर वर्षी अण्णांचा निरोप येई : “रजा काढून ये. दोघे बसू.” मी म्हणे, “मार्चअखेर उरकू दे, एप्रिलमध्ये येतो.” एप्रिलमध्ये लेखापरीक्षण असे, मे महिन्यात बदलीची चिंता, जूनमध्ये मुलांच्या शाळा. सणाला, लग्नकार्याला मी गावी जात असे. पण दोन दिवसांत परतावे लागे आणि पेटी कोनाड्यातच राही. माझी कारणे खोटी नव्हती, त्यामुळे त्यांविषयी कधी शंकाही आली नाही. अखेर एका उन्हाळ्यात मी सलग आठ दिवसांची रजा घेऊन गेलो आणि सोमवारी तीन वाजता पेटी उघडली. मी वाजवत होतो, अण्णा मान डोलावत होते. पण त्यांची मान माझ्या लयीशी जुळत नव्हती. स्वयंपाकघरात गेल्यावर आई हळूच म्हणाली, “त्यांना वर्षभरापासून नीट ऐकू येत नाही रे. तुला वाईट वाटेल म्हणून कळवू दिले नाही.”

अण्णांच्या पश्चात पेटी माझ्या घरी आली आणि माळ्यावर गेली. ‘आता निवृत्तीनंतर’ असे ठरले होते. निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात ती खाली काढली, तेव्हा भाता फाटलेला होता, सुरांच्या पट्ट्यांवर गंज चढला होता. दुरुस्ती करणाऱ्या वृद्ध कारागिराने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, “साहेब, पेटी वाजवून बिघडत नाही, ठेवून बिघडते.” त्याने ती महिन्याभरात दुरुस्त करून दिली. माझी बोटे मात्र अजून पूर्वीसारखी चालत नाहीत. वेळ हाती आला तेव्हा तो उपभोगण्याची सवयच मोडली होती. पहिले सहा महिने मी सकाळी वर्तमानपत्र वाचून झाल्यावर घड्याळाकडे पाहत बसे.

ही कथा आपल्या व्यापारी कुटुंबांपुढे मांडण्यास कारण आहे. 2017 च्या नव्या कायद्याने महाराष्ट्रात दुकाने वर्षाचे 365 दिवस उघडी ठेवण्यास मुभा दिली. कायद्याने ठरवलेल्या संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत प्रत्येक कामगाराला आठवड्याची सुट्टी देणे बंधनकारक आहे. मालकाने स्वतः केव्हा थांबावे, याची काळजी मात्र आता कोणताही कायदा वाहत नाही. अण्णांना कायद्याने दिलेला सोमवार माझ्या पुतण्याला स्वतःच स्वतःला द्यावा लागतो. तो आमचे जुने दुकान सांभाळतो आणि रात्री अकरा वाजताही मोबाइलवर मालाची मागणी नोंदवून घेत असतो.

मी त्याला म्हणालो तेव्हा तो उत्तरला, “काका, आम्ही मजा करत नाही असे नाही. मागच्या वर्षी तीन लग्नांना गेलो, थायलंडलाही जाऊन आलो.” मला निष्क्रिय खात्यातले व्याज आठवले. नात्याखातर झालेली लग्ने आणि चार घरांनी केली म्हणून केलेली सहल यांची नोंद खात्यात होते. परंतु तो खातेदाराचा स्वतःचा व्यवहार असतोच असे नाही. पुष्कळदा तीही कर्तव्येच असतात, फक्त कपडे नवे असतात.

कर्तव्य टाळावे, असे मी सुचवीत नाही. देणे वेळेवर फेडणाऱ्या माणसालाच निश्चिंत बसता येते. माझे म्हणणे इतकेच, की आनंद हा शिलकीतून भागवायचा खर्च नव्हे, कारण धावपळीच्या आयुष्यात वेळेची शिल्लक कधीच राहत नाही. तो आवर्त ठेवीच्या हप्त्यासारखा असावा : रक्कम लहान, तारीख ठरलेली. आपल्याला ही पद्धत परकी नाही. सामायिकाची 48 मिनिटे आपल्या घरांतून पिढ्यानपिढ्या पाळली जातात आणि त्या वेळात दारात कोणीही आले तरी माणूस उठत नाही. सामायिकाचा हेतू सर्वस्वी निराळा आहे. पण वेळेभोवती कुंपण घालण्याची शिस्त तेथून घेता येईल. आठवड्यातले दोन तास ठरवावेत, ते घरातल्या सर्वांना ठाऊक असावेत आणि कोणी विचारल्यास आईसारखे सांगणारे एक माणूस घरात असावे.

गेल्या महिन्यापासून पुतण्या सोमवारी तीन वाजता गल्ला मुनीमजींकडे सोपवून गाडीने माझ्याकडे येतो. पहिल्या दिवशी त्याने फोन चार वेळा पाहिला, गेल्या सोमवारी एकदा. त्याची सात वर्षांची मुलगी भाता हलवते, मी अडखळत वाजवतो. परवा दुकानातून फोन आला, तेव्हा तो तिनेच उचलला आणि म्हणाली, “पप्पा आज दुकानात नाहीत.”

हे वाक्य तिला कोणीही शिकवले नव्हते.