काट्यावरचा शिक्का आणि हवेतील लहरी

सांगलीच्या बाजार आवारात हळदीचा सौदा ठरला की पोते काट्यावर चढते. तोलाईदार आकडा पुकारतो, अडत्या तो नोंदवतो आणि शेतकरी व खरेदीदार दोघेही तो मान्य करतात. हा विश्वास काट्यावरील वैधमापनशास्त्र यंत्रणेच्या शिक्क्यावर उभा असतो. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी पडताळून घेण्याची शिस्त व्यापारी कुटुंबांच्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु हाच काटा वजनाचा आकडा तारेविना संगणकाकडे पाठवू लागला की त्याला आणखी एका परवानगीची आवश्यकता भासते. ती परवानगी हवेतून जाणाऱ्या लहरींची असते.

असे बिनतारी उपकरण आज केवळ काट्यापुरते उरलेले नाही. तासगावच्या बेदाण्याच्या शीतगृहातील तापमापक, सातारा जिल्ह्यातील आल्याच्या रानातील ओलावामापक, दूरच्या विहिरीवरील पंप सुरू करणारा रिमोट, ही सारी याच जातीची साधने होत. सुटे भाग बाहेरून मागवावेत, जुळणी येथे करावी आणि पेटीवर आपल्या पेढीचे नाव घालावे, असा विचार नव्या पिढीच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र पेटीवर नाव आले की जबाबदारीही त्याच नावावर येते.

भारतात १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याशिवाय असे यंत्र बाळगण्यासही मनाई केली होती. पुढे अल्प शक्तीच्या उपकरणांसाठी काही पट्टे परवान्यातून मुक्त झाले. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये खुला झाला आणि २०२१ च्या नियमांनी तो ८६८ पर्यंत वाढला. या पट्ट्यात प्रक्षेपकाची शक्ती १ वॅटच्या आत आणि लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झच्या आत ठेवावी लागते. मुक्ततेलाही अट आहे. आपल्यामुळे इतरांना अडथळा होता कामा नये आणि इतरांमुळे आपल्याला झाला तर तक्रारीचा अधिकार नाही. सामाईक विहिरीवर पाणी भरण्याचा जो शिष्टाचार, तोच येथे लागू होतो.

खरी फसगत होते ती खरेदीच्या वेळी. परदेशी संकेतस्थळांवर एकाच दिसण्याचे मॉड्यूल वेगवेगळ्या देशांसाठी मिळते. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा अशा साधनांना मोकळा आहे. भारतात मात्र ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झमधून मोबाइल फोनचे संदेश मनोऱ्याकडे जातात. अमेरिकेसाठी बनलेले स्वस्त मॉड्यूल येथे वापरले तर माल उत्तम चालेल, पण परिसरातील मनोऱ्याच्या कानाशी गोंगाट होत राहील. दोन रुपये वाचवण्याच्या नादात सगळा माल परत घेण्याची वेळ येऊ शकते.

योग्य पट्टा निवडला तरी चाचणी सुटत नाही. प्रयोगशाळेत उपकरणाची शक्ती, लहरीची रुंदी आणि नेमून दिलेल्या पट्ट्याबाहेर होणारी गळती मोजली जाते. ८६६ मेगाहर्ट्झवर बोलणाऱ्या यंत्राचा दुप्पट पडसाद १७३२ वर उमटतो आणि तोही मोबाइलच्याच दुसऱ्या पट्ट्यात पडतो. तो दाबून टाकणारी लहानशी गाळणी आरंभीच मांडणीत बसवली तर खर्च किरकोळ असतो. साचे तयार होऊन हजार नग जुळल्यावर ती आठवली तर सारे काम नव्याने करावे लागते.

यासाठी आधीच चाचणी झालेले मॉड्यूल घेणे नवख्या उद्योजकाला हितावह ठरते. तथापि अँटेना बदलली किंवा पत्र्याच्या पेटीत यंत्र बसवले की वर्तन बदलते आणि जुना अहवाल अपुरा पडू शकतो. ब्लूटूथ वापरायचे असेल तर १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ब्लूटूथ संघटनेची पात्रता-प्रक्रियाही आहेच. पात्र मॉड्यूल घेतले तरी ज्याच्या नावाने माल विकला जातो, त्याला सभासद होऊन आपल्या उत्पादनाची नोंद करावी लागते.

यानंतर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण-प्रकार मान्यता, म्हणजे ‘ईटीए’, घ्यावी लागते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल जोडून ‘सरल संचार’ या शासकीय संकेतस्थळावर अर्ज करता येतो. सोबत चार्जर किंवा लिथियम बॅटरी देणार असल्यास भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीचा विचार निराळा करावा लागतो. आणि काटा असेल तर वैधमापनशास्त्राची मान्यता या सर्वांहून वेगळी राहतेच. एक कागद दुसऱ्याची जागा घेत नाही.

या वाटेवर आरंभीचा सल्ला दूर शोधण्याची गरज नाही. शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव धारण करणारे, १९४७ मध्ये सुरू झालेले सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते घडवीत आले आहे. मांडणीच्या टप्प्यावरच जाणकार अभियंत्याकडून प्राथमिक मोजमाप करून घेतले, तर अंतिम चाचणीतील नापसंती बहुतेक वेळा टळते.

केवळ विक्री करणाऱ्यालाही हा विषय परका नाही. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मान्यतेविना वॉकी-टॉकी विकल्याबद्दल ऑनलाइन बाजारपेठांना १३ नोटिसा बजावल्या आणि अशा उपकरणांच्या विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वेही काढली. ‘आम्ही केवळ विकतो’ हे उत्तर आता पुरेसे राहिलेले नाही. म्हणून माल भरण्यापूर्वी घाऊक विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: वारंवारितेचा पट्टा, ईटीएचे प्रमाणपत्र आणि त्यावरील मॉडेल क्रमांक. तो क्रमांक पेटीवरील क्रमांकाशी अक्षरशः जुळला पाहिजे.

वजनात फरक पडला तर गिऱ्हाईक काट्यापाशी येऊन विचारू शकते. हवेतील लहर कोणाच्या कामात आडवी आली, हे मात्र त्या बिचाऱ्याला कळतही नाही. ज्या चुकीचा जाब विचारायला समोर कोणी येणार नाही, तेथे पेढीने आपणहून माप तपासून घेणे अधिक अगत्याचे ठरते.