शरणपूरच्या आफ्रिकी कन्या आणि चित्रकर्तीचा फलक

नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून नित्य ये-जा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानी येत असेल, की या रस्त्याच्या नावात जी ख्रिस्ती वसाहत टिकून राहिली आहे, तिच्यात एके काळी पूर्व आफ्रिकेतील मुली वाढल्या आणि शिकल्या. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास ही वसाहत स्थापिली. इंग्रज आरमाराने गुलामांची गलबते अडवून जी मुले-मुली सोडविली, त्यांपैकी कित्येकांची रवानगी मुंबईहून येथील आफ्रिकी आश्रमात होऊ लागली, आणि पुढे १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ फ्रेअरटाउन वसू लागले तेव्हा त्यांतील अनेकजण तिकडे गेले.

या आश्रमातील मुलग्यांपैकी काहींस इतिहासाने नाव दिले. जेकब वेनराइट हा आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर लंडनपर्यंत गेला, १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीत शवपेटीच्या मानकऱ्यांत उभा राहिला, आणि त्या पेटीजवळचे त्याचे छायाचित्र आजही पाहावयास मिळते. त्याच्याच बरोबरीने येथे वाढलेल्या मुलींपैकी एकीचाही चेहरा मात्र नाशिककरांच्या स्मरणात नाही. आणि हे मला केवळ दप्तराचे नव्हे, चित्रकलेचेही ऋण वाटते.

हे ऋण कसे फेडता येते याचा उत्तम दाखला बर्मिंगहॅमच्या बार्बरा वॉकर यांनी घालून दिला आहे. ‘व्हॅनिशिंग पॉइंट’ या मालिकेत त्यांनी युरोपातील जुनी मान्यवर चित्रे घेतली, त्यांतील गोऱ्या धनिकांच्या आकृती शाईवाचून नुसत्या कागदावर दाबून उठविल्या, आणि मूळ चित्रात कडेला सेवेस उभ्या केलेल्या कृष्णवर्णीय व्यक्ती तेवढ्या शिसपेन्सिलीने, केसांच्या वळणापासून डोळ्यांतील तेजापर्यंत, निगुतीने रेखल्या. त्यामुळे पाहणाऱ्याची दृष्टी आपोआप जिथे जावयास हवी होती तिथेच जाऊन स्थिरावते.

तंत्राचाही विचार येथे करावयास हवा. कृष्ण त्वचेसाठी नळीतला काळा रंग सरसकट फासला, की चेहरा निर्जीव होतो. अमेरिकन चित्रकार केरी जेम्स मार्शल हे हस्तिदंती, काजळीचा आणि लोहाचा असे निरनिराळे काळे रंग वापरून, त्यांत निळ्या-हिरव्या छटा मिसळून, काळेपणालाच एक स्वतंत्र रंगपट देतात. आपल्याकडे मात्र रंगसंस्कार उलटाच आहे: ज्या शहरात काळ्या पाषाणाच्या रामापुढे असंख्य मस्तके नमतात, त्याच शहरात सून पाहताना गोरेपणाची अट घातली जावी, ही विसंगती मला अत्यंत क्लेशकारक वाटते, आणि सावळ्या मुलीचे चित्र रंगविताना हात नकळत उजळ रंगाकडे वळतो तो याच संस्कारापायी.

म्हणून नाशिकच्या उदयोन्मुख चित्रकर्तींना माझी विनंती आहे, की त्यांनी शरणपूरच्या या मुली आपल्या फलकावर आणाव्यात. मिशनच्या नोंदी आणि सरकारी गॅझेटियर धुंडाळून जेवढी हकीकत हाती लागेल तेवढी घ्यावी, आणि चेहरा कल्पनेने रंगविला असेल तर तसे चित्राखाली स्पष्ट नमूद करावे. शहरातील कलासंस्थांनी अशा चित्रांकरिता एखादे दालन काही दिवस विनामूल्य मोकळे करून दिले, तर या कामास आजही आरंभ करता येईल.