रोलर काढून फळ्या : धरणाकाठच्या बोटीचा ट्रेलर

ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या बोटीचा तळ पाण्यापेक्षा रस्त्यावर जास्त मार खातो. पाणी बोटीला सगळीकडून सारखे उचलून धरते. ट्रेलरवर मात्र तिचा सारा भार मोजक्या जागांवर येतो. रोलरच्या ट्रेलरवर तर प्रत्येक रबरी रोलर तळाला जेमतेम दोन-चार बोटांच्या रुंदीत टेकतो. चाक खड्ड्यात आदळले की सगळा धक्का तेवढ्याच जागेवर बसतो. फायबरचा तळ तिथे हळूहळू आत दबतो, ॲल्युमिनियमच्या तळाला पोचे पडतात. यावर उपाय म्हणजे रोलर काढून त्यांच्या जागी बोटीच्या लांबीत दोन किंवा चार लाकडी फळ्या बसवणे. या फळ्यांना बंक म्हणतात.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हा बदल विचार करूनच करायला हवा. कुकडी प्रकल्पाची पाचही धरणे याच भागात आहेत : माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे जुन्नरमध्ये, तर घोड नदीवरचे सुमारे साडेतेरा टीएमसीचे डिंभे आंबेगावात. जुन्नर 2018 मध्ये पर्यटन तालुका जाहीर झाल्यापासून जलाशयांतल्या बोटिंगविषयीही बोलले जाते. पण या जलाशयांचा काठ एका जागी राहत नाही. पावसाळ्याअखेर पाणी काठोकाठ असते. पुढे सिंचनाची आवर्तने सुटत जातात तशी पाण्याची कड मागे सरकते आणि उन्हाळ्यात मधे गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो.

रोलरचा खरा फायदा अशाच ठिकाणी दिसतो. पाणी उथळ असले, ट्रेलर फार आत नेता येत नसला, तरी बोट रोलरवरून घरंगळत उतरते आणि दोर गुंडाळणाऱ्या विंचने सहज वर ओढता येते. फळ्यांवरची बोट अशी घरंगळत नाही, ती तरंगावी लागते. त्यासाठी ट्रेलर बराच पाण्यात न्यावा लागतो आणि सात-आठ फुटांना एक फूट असा उतार असलेला घट्ट, मुरमाचा किंवा काँक्रीटचा काठ लागतो. गाळात ट्रॅक्टरसुद्धा रुततो. तिथे फळ्यांचा ट्रेलर निरुपयोगी ठरतो.

काम सुरू करण्याआधी बोट ट्रेलरवरून उतरवून ठोकळ्यांवर नीट टेकवावी. तळाच्या आत लांबीत गेलेल्या मजबुतीच्या पट्ट्या कुठे आहेत, ते खडूने बाहेरून आखून घ्यावे. फळ्या बरोबर त्या रेषांखाली यायला हव्यात. त्यांचे मागचे टोक, जिथे इंजिन टांगलेले असते, त्या भिंतीपर्यंत पोहोचलेच पाहिजे. ते अलीकडे थांबले तर इंजिनच्या वजनाने तळ मागे वाकतो, आणि हा वाक पुढे पाण्यातही बोटीची चाल बिघडवतो. या कामातली सर्वांत महाग चूक हीच.

लहान बोटीला दोन इंच जाड आणि चार ते सहा इंच रुंद, सरळ धाग्याचे टिकाऊ लाकूड पुरते. बोट ॲल्युमिनियमची असेल तर तांब्याच्या क्षारांची प्रक्रिया केलेले लाकूड टाळावे. ओलाव्यात ते ॲल्युमिनियम खाते. फळीवर पाण्यात टिकणारे, खरखरीत कार्पेट ताणून स्टेनलेस स्टीलच्या पिनांनी खालच्या बाजूस ठोकतात. बोल्टची डोकी लाकडात पुरेशी खोल बसवावीत, नाहीतर कार्पेट झिजल्यावर ती तळ ओरबाडतात. फळ्यांना धरणारे ब्रॅकेट फिरते असावेत, म्हणजे बोट टेकताच फळी तळाचा कोन स्वतः घेते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणाऱ्या वर्कशॉपला गॅल्व्हनाइज्ड अँगल आणि यू-बोल्ट वापरून हे काम सहज जमते. मध्यरेषेवरचे एक-दोन रोलर मात्र ठेवावेत. बोट चढवताना ते तिला मधोमध आणतात.

बोट पुन्हा बसवल्यावर ट्रेलरचा तोल तपासणे अटळ आहे. ट्रेलर समतल ठेवून त्याचा पुढचा हूक धान्याच्या वजनकाट्यावर टेकवावा. तिथे बोटीसह एकूण वजनाच्या साधारण 5 ते 10 टक्के भार यावा. तो कमी पडला तर वेगात ट्रेलर मागे डोलू लागतो. विंचचा खांब पुढेमागे सरकवून हा हिशेब जुळवता येतो.

फळ्यांमुळे चाके पूर्वीपेक्षा खोल बुडतात. लांबच्या प्रवासाने चाकांचे हब तापलेले असताना ट्रेलर थेट पाण्यात घातला, तर हब एकदम थंड होऊन आत पाणी ओढतात आणि बेअरिंग गंजतात. म्हणून काठावर पोहोचल्यावर हब हाताला गार लागेपर्यंत थांबावे, आणि ग्रीस वेळेवर बदलावे.

वर्षभर बदलत्या काठांवर बोट उतरवायची असेल तर रोलरच ठेवलेले बरे. पण पक्का उतार हाताशी असेल आणि बोट बराच काळ ट्रेलरवर उभी राहणार असेल, तर फळ्या निश्चित चांगल्या. पहिल्या फेरीनंतर सगळे यू-बोल्ट पुन्हा आवळावेत. लाकूड दबले की ते सैल पडतात.